डॉक्टरांना मिठ्ठूबद्दल कोणी सांगितलेच नाही

हजेरीपटावर एकाच नावापुढे सलग सात दिवस गैरहजेरी मांडावी लागली की आम्हाला चैन पडत नाही. त्यातून सातवीतली ही मुलगी शाळा बुडवणाऱ्यांपैकी नाही. नायगाव पूर्वेच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलेले असले तरी ती चपला हातात घेऊन येते. आठव्या दिवशी आम्ही घरी फोन लावला. तिनेच उचलला. "टीचर, अम्मीला ताप आहे. घरचं सगळं मीच बघतेय."

शाळा सुटल्यावर चार मोसंबी घेऊन गेलो. जूचंद्रकडे जाणाऱ्या रस्त्याला ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यांतल्या एकीत चौथ्या मजल्यावर त्यांचे घर. मुंबईतली भाड्याची खोली सोडून चार वर्षांपूर्वी हे कुटुंब इथे आले. अम्मी पलंगावर, अंगावर दोन गोधड्या. खोकला कोरडा, आणि डोके इतके दुखत होते की पंख्याची घरघरही नको. उशाशी नानी तसबीह घेऊन बसलेल्या. रिपोर्टांची पिशवी आमच्या हातात आली. मलेरिया नाही, डेंग्यू नाही, टायफॉइड नाही. आधी साधा फ्लू समजून गोळ्या झाल्या, मग पाच दिवस अमॉक्सिसिलिन झाले. ताप एकशे दोनच्या खाली यायला तयार नव्हता. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसावर डाग दिसला होता.

बाल्कनीच्या दाराशी पिंजरा होता. आत राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा, गालावर नारिंगी ठिपका असलेला कॉकाटील. धाकट्याचा नाजरा कुरआन पूर्ण झाला, त्याची ही भेट. तीन आठवड्यांपूर्वी मुंबईतल्या एका बाजारातून आणलेली. नाव अर्थातच मिठ्ठू. मिठ्ठू पिसे फुलवून, डोळे अर्धे मिटून दांडीवर बसला होता. खालच्या कागदावर हिरवट, पाण्यासारखी शीट. "थंडी बाधलीय बिचाऱ्याला," नानी म्हणाल्या. "म्हणून रात्री पिंजरा आत घेतो, इथेच, पलंगाजवळ."

आम्ही काय केले? पिंजऱ्यात बोट घालून "काय मिठ्ठूमियाँ, कसं काय?" असे विचारले आणि मोसंबी सोलायला बसलो. अठरा वर्षे मुलांना शिकवतो आहोत, विज्ञानाचे तासही घेतले आहेत. पण तो पक्षी आणि तो ताप एका ओळीत मांडावेत असे आम्हाला सुचले नाही. हे आधीच कबूल केलेले बरे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर बदलले. पुढची हकिगत त्या मुलीच्याच शब्दांत. "डॉक्टरांनी विचारलं, घरात काही जनावर पाळलंय का? अब्बा म्हणाले, नाही. मीपण म्हणाले, नाही. कुत्रा नाही, मांजर नाही. मग जिन्यात अब्बा म्हणाले, मिठ्ठूचे दाणे संपलेत, ते घेत जाऊ. तेव्हा मला एकदम कसंतरी झालं. मी पळत परत वर गेले."

डॉक्टरांनी पुढचा रुग्ण थांबवून तिला चार प्रश्न विचारले. पक्षी कधी आणला? आजारी आहे का? पिंजरा कोण साफ करतं? कसा साफ करतं? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे अशी होती : अम्मी, रोज सकाळी, वाळलेली शीट सुरीने खरवडून, झाडूने झाडून. डॉक्टरांनी औषध बदलून डॉक्सिसायक्लीन लिहिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

या आजाराची पक्की तपासणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही, आणि ती इथे झालीही नाही. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर संशय एवढाच शब्द आहे, आणि आम्हीही तेवढेच म्हणतो. पण हा आजारच असा आहे की बहुतेक ठिकाणी संशयावरच औषध सुरू करावे लागते. आणि संशय यायला डॉक्टरांना पक्षी माहीत असावा लागतो.

आजाराचे नाव सिटॅकोसिस. इंग्रजीत लिहिताना पहिले अक्षर 'पी' येते, ते उच्चारायचे नाही. मुलांना आम्ही असे शब्द मुद्दाम फळ्यावर लिहून देतो. पोपटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडले, म्हणून साध्या भाषेत पोपटताप. जंतूचे नाव क्लॅमिडिया सिटाकी. इथे एक सावधगिरीची सूचना. मोबाईलवर नुसते 'क्लॅमिडिया' शोधले तर भलताच आजार समोर येतो. त्याच कुळातला दुसरा एक जंतू लैंगिक संबंधातून पसरतो. पोपटतापाचा त्याच्याशी काही संबंध नाही. चिठ्ठीवरचे नाव अर्धवट वाचून एखाद्या घरात नको ती शंका शिरायची, म्हणून स्पष्ट लिहिले.

हा जंतू पक्ष्याच्या शीटेतून आणि नाकाडोळ्यांच्या पाण्यातून बाहेर पडतो. शीट वाळते, तिची भुकटी होते, पंखांच्या फडफडीने किंवा झाडूच्या फटकाऱ्याने ती हवेत उडते आणि श्वासावाटे आपल्या छातीत जाते. वाळलेल्या घाणीतही तो बराच काळ तग धरतो. पक्ष्याच्या चोचीला ओठ लावणे, तोंडातला दाणा त्याला चोचीने घ्यायला लावणे, हे लाडही त्यातलेच. माणसाला लागण झाली की साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप, थंडी, अंगदुखी, भयंकर डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. काहींना न्यूमोनिया होतो. माणसाकडून माणसाला तो क्वचितच जातो, म्हणून आजारी बाईचे ताट-वाटी वेगळे काढण्याची गरज नाही. आणि कोंबडीचे नीट शिजवलेले मांस किंवा अंडे खाऊन तो होत नाही. बर्ड फ्लू वेगळा. तो विषाणूचा आजार आहे. २००६ साली नंदुरबारच्या नवापुरात लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तो बर्ड फ्लू. पोपटताप जिवाणूचा आहे आणि त्यावर औषध आहे.

मिठ्ठूमध्ये हा जंतू आला कुठून, असे नानींनी आम्हाला विचारले. बहुधा तो आधीपासून होता. कितीतरी पक्षी हा जंतू अंगात बाळगून दिसायला ठणठणीत असतात. पण पक्ष्याला त्रास झाला की जंतू उसळी घेतो आणि शीटेतून भरभरून बाहेर पडू लागतो. त्रास म्हणजे लांबचा प्रवास, एका पिंजऱ्यात वीस-वीस पक्षी कोंबणे, उपासमार, थंडी, घर बदलणे. बाजारातून आपल्या घरापर्यंत येताना पक्ष्याच्या वाट्याला नेमके हेच सगळे येते. नवा पक्षी घरात आल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच जास्त जपायचे. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, असे जाणकार सांगतात. वन बीएचकेमध्ये वेगळी खोली कुठून आणायची, हा प्रश्न आम्हालाही पडला. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी दुसरा पक्षी आणू नये, एवढेच उत्तर आम्हाला सुचते.

या आजाराची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे, आणि आम्हाला ती फार आवडते. कारण तिच्यात डॉक्टरांच्या आधी डॉक्टरांच्या बेगमला उत्तर सापडले. १९२९चा डिसेंबर. अॅनापोलिस गावातल्या एका गृहस्थाने बायकोसाठी नाताळची भेट म्हणून पोपट आणला. नाताळ उजाडण्याआधीच पोपट मेला. पाठोपाठ बायको, मुलगी आणि जावई तिघेही तापाने अंथरुणाला खिळले. त्यांचे डॉक्टर बुचकळ्यात पडले. घरी जाऊन त्यांनी बायकोला ही हकिगत सांगितली. त्या बाईंनी वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत वाचले होते की अर्जेंटिनात ब्युनोस आयरिसच्या एका नाटकमंडळीत पोपटांपासून असाच ताप पसरला होता. डॉक्टरांनी वॉशिंग्टनला सरकारी आरोग्य खात्याकडे विचारणा केली, आणि तिथून चक्रे फिरली. पुरवण्या आणि मासिके वाचण्यात वेळ घालवता म्हणून घरात टोमणे खाणाऱ्या आमच्या वाचक भगिनींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढचा भाग मात्र दुःखाचा आहे. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत चार्ल्स आर्मस्ट्राँग या संशोधकांनी आजारी पोपटांवर काम सुरू केले. त्यांचे मदतनीस हेन्री अँडरसन यांना लागण झाली आणि १९३०च्या फेब्रुवारीत ते वारले. आर्मस्ट्राँग स्वतः आजारी पडले, पण वाचले. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी जानेवारीतच परदेशी पोपटांच्या आयातीला बंदी घातली. त्या साथीत अमेरिकेत १६९ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले. घाबरलेल्या लोकांनी वर्षानुवर्षे पाळलेले पोपट रस्त्यावर सोडून दिले.

त्या काळी औषध नव्हते. शंभर रुग्णांतले पंधरा-वीस दगावत. आज वेळेवर औषध मिळाले तर शंभरात एकही नाही. या बदलात आपल्या देशाच्या एका माणसाचा वाटा आहे. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखाली बेंजामिन दुग्गर यांनी मातीतल्या जिवाणूपासून ऑरिओमायसिन मिळवले. १९४८ मध्ये ते जगापुढे आले, आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. हे टेट्रासायक्लीन गटातले पहिले औषध. आमच्या विद्यार्थिनीच्या अम्मीला दिलेले डॉक्सिसायक्लीन त्याच खानदानातले. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातले, ते या जंतूवर चालत नाही. पाच दिवस ताप का हटला नाही, याचा उलगडा इथे होतो. अर्थात हे वाचून कोणी स्वतःच दुकानातून डॉक्सिसायक्लीन आणू नये. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना डॉक्टर वेगळे औषध देतात.

हा आजार जुन्या पुस्तकातला आहे, असेही नाही. २०२३ मध्ये आणि २०२४च्या सुरुवातीला ऑस्ट्रिया, डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन आणि नेदरलँड्स या देशांत रुग्ण एकदम वाढले. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये त्याची दखल घेतली, तेव्हा पाच जण दगावले होते. काही घरचे पाळीव पक्षी सांभाळणारे होते, काही अंगणातल्या रानपक्ष्यांना दाणे घालणारे.

दाणे घालण्याचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दादर आठवते. २०२५च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याचे आदेश सरकारने विधान परिषदेत जाहीर केले. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली, लोकांनी ती ओढून काढली, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नायगाव-दादर लोकलच्या डब्यात त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. 'त्यांचे कबुतर' आणि 'आमची फुफ्फुसे' असा तो वाद रंगायचा. आम्हाला त्यात पडावेसे वाटले नाही. मुक्या जिवाला दाणा घालण्यामागची जैन भावंडांची श्रद्धा आम्हाला परकी कशी वाटेल? आमची अम्मीसुद्धा फजरनंतर मूठभर तांदूळ गच्चीवर टाकायची आणि सवाबाचे काम म्हणायची.

पण छातीच्या डॉक्टरांचे म्हणणेही खोटे नव्हते. त्या चर्चेत मुख्यत्वे ज्या आजाराचे नाव येत होते, तो पोपटताप नव्हे. कबुतरांच्या शीटेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की काहींच्या फुफ्फुसांना तिची अॅलर्जी जडते, हळूहळू फुफ्फुसे निबर होत जातात. तिथे जंतू नसतो, त्यामुळे जंतूंचे औषधही लागू पडत नाही. एकदा निबर झालेले फुफ्फुस पुन्हा मऊ होत नाही. पोपटतापही कबुतरांपासून होऊ शकतो. म्हणजे वाट तीच, धुळीची. तिच्यावरून येणारे आजार दोन.

आणि वाट दादरलाच आहे असे नाही. नायगावच्या नव्या इमारतींत एसीच्या बाहेरच्या पेटीमागे, बाथरूमच्या डक्टमध्ये, ग्रिलमध्ये ठेवलेल्या जुन्या बादलीत कबुतरांचे संसार आहेत. ज्यांना परवडते ते बाल्कनीला जाळी बसवतात, आणि कबुतरे शेजारच्या बिनजाळीच्या बाल्कनीत बिऱ्हाड हलवतात. आमच्या वर्गाच्या खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर शीटेचा बोटभर थर होता. गेल्या स्वच्छता पंधरवड्यात आम्हीच पाच मुलांना झाडू दिले, खिडकी उघडली आणि म्हणालो, "चला, चकाचक करा." कोरड्या झाडूने. वर्गभर पांढरा धुरळा झाला, मुले खोकली, हसली, आम्हीही हसलो. कोणाला काही झाले नाही, अल्लाहचे आभार. पण तो प्रसंग आठवला की आता पोटात गोळा येतो. ही मुलगी त्या पाचांत होती.

आता तो कट्टा आमच्या शाळेत असा साफ होतो. मुले वर्गाबाहेर. आधी पाणी मारून थर पूर्ण भिजवायचा, दहा मिनिटे थांबायचे, मग ओल्या कापडाने पुसून पिशवीत बांधायचा. शेवटी एक भाग ब्लीच आणि नव्वद-शंभर भाग पाणी असे मिश्रण फिरवायचे. साफ करणाऱ्याच्या हातात मोजे, तोंडाला नीट बसणारा मास्क. ओढणीचा पदर नाकावर धरणे म्हणजे मास्क नव्हे. घरच्या पिंजऱ्यालाही हेच. तळाशी रोज नवा वर्तमानपत्राचा कागद, तो काढण्याआधी त्यावर पाणी शिंपडून ओला करायचा आणि घडी घालून टाकायचा. पाण्याची वाटी रोज धुवायची, पण स्वयंपाकाच्या सिंकमध्ये नाही. पिंजरा स्वयंपाकघरात नको आणि झोपायच्या खोलीतही नको. ब्लीच वापरताना पक्षी दुसरीकडे हलवायचा. त्याची फुफ्फुसे आपल्यापेक्षा नाजूक असतात. साफसफाईचे काम घरातल्या गरोदर सुनेवर किंवा दम्याच्या आजीवर टाकू नये. 'घरातलं काम' म्हटले की ते न विचारता कोणाच्या गळ्यात पडते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

पक्षी पिसे फुगवून बसत असेल, खात नसेल, नाकाडोळ्यांतून पाणी येत असेल, शीट हिरवी पातळ होत असेल, तर थंडी बाधली म्हणून हळदीचे पाणी पाजत बसू नये. पक्ष्यांचे डॉक्टर गाठावेत. देशी राघू पिंजऱ्यात असेल तर लोक डॉक्टरकडे न्यायला बिचकतात, कारण आपल्याकडे तो पाळणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. २०२३च्या एप्रिलपासून तर त्याला कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत वरचे संरक्षण आहे. म्हणून तो विकतच घेऊ नये. पिंजऱ्यातला राघू म्हणजे रानातल्या ढोलीतून ओरबाडलेले पिल्लू, हे मुलांना सांगितले की मुलेच नको म्हणतात, असा आमचा वर्गातला अनुभव आहे.

मिठ्ठूचे काय करायचे, यावर त्या घरात दोन दिवस भांडण झाले. चाचांचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता उडवून द्या." नानींना वाटत होते, बाजारात परत करावा. अब्बा गप्प होते. आपणच आणला, आपणच बायकोला आजारी पाडले, असे त्यांच्या मनाने घेतले होते. आम्हाला त्यांनी विचारले, "टीचर, घरात पक्षी ठेवणंच चुकीचं होतं का?" आम्ही मौलाना नाही. पण मदरशात जाणाऱ्या धाकट्याला लहानग्या अबू उमैरची आणि त्याच्या चिमणीएवढ्या पक्ष्याची गोष्ट ठाऊक होती. प्रेषित (स.) त्या मुलाला भेटले की त्याच्या पक्ष्याची विचारपूस करत, आणि पक्षी मेला तेव्हा त्याच्या दुःखाचीही. धाकट्याने ती अब्बांना अर्धी सांगितली आणि रडायला लागला.

कॉकाटील हा ऑस्ट्रेलियाचा पक्षी. पिंजऱ्यात जन्मलेला कॉकाटील नायगावात उडवून दिला तर संध्याकाळपर्यंत कावळे त्याला ठेवत नाहीत. आणि बाजारात परत केला तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी पलंगाशेजारी जाणार. एवढे आम्ही बोललो आणि घरी आलो. निर्णय त्यांचा होता.

अब्बांनी मास्क लावून पिंजरा चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला. मिठ्ठूलाही डॉक्सिसायक्लीनच मिळाले, फक्त पंचेचाळीस दिवसांचे. पक्ष्यांना एवढा मोठा कोर्स लागतो, मध्येच सोडला तर जंतू परत डोके काढतो. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. धाकट्याला दोन दिवस कणकण होती, त्याला डॉक्टरांनी त्याच्या वयाला चालेल ते औषध दिले.

अम्मी आता चौथा मजला चढताना मध्ये एकदा थांबतात, पण चढतात. मुलगी गेल्या सोमवारी शाळेत आली. गैरहजेरीचा अर्ज मागितला तेव्हा तिने वहीचे शेवटचे पान उघडून आधी भलतेच काही दाखवले. पट्टीने आखलेले पंचेचाळीस चौकोन. एकवीस चौकोनांत निळ्या पेनाची खूण होती. पिंजरा साफ करण्याचे काम आता अब्बांकडे आहे, असे ती म्हणाली, आणि मधल्या सुट्टीत तिला घरी फोन करायचा आहे. सकाळी मिठ्ठूने अर्धेच दाणे खाल्ले होते.